बॅच नंबर

रबाळ्याच्या कारखान्यात मी वास तपासते.
बेबी लोशन, बेबी पावडर, बेबी ऑइल,
सगळ्यांवर तेच हसरं बाळ,
सहा वर्षांत एका दिवसानंही मोठं न झालेलं.

रजेचे अकरा दिवस उरले होते.
घणसोलीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर
रात्री साडेदहाला मी तीन नारळ खवले,
दूध पिळलं मलमलीतून
(मलमल कसली, सासऱ्यांच्या धोतराचा तुकडा)
आणि मंद आचेवर कढई ठेवून उभी राहिले.

आधी दूध फुटतं. मग चरचर.
जायला निघालेलं पाणी फार बडबड करतं.
मी वही घेतली. सवय.
१०.५२ : फेस.
११.२० : चोथा तांबूस.
११.३१ : आवाज बंद.
आवाज बंद म्हणजे पाणी संपलं.
हे सांगायला आमच्याकडे एक यंत्र आहे,
यंत्राला एसीची खोली,
आणि दरवर्षी पुण्याहून येणारा
यंत्राला तपासणारा माणूस.
इथे कान पुरला.

पहिल्या खेपेचं सांगायचं राहिलं.
तेव्हा मी शहाणी होते.
मसूर, आंबेहळद, नागरमोथा, संत्र्याची साल,
ठाण्याला जांभळी नाक्यावरून पुड्या बांधून आणल्या,
दळल्या, वस्त्रगाळ केल्या,
बरणीवर लिहिलं : शंभर टक्के नैसर्गिक.
तिसऱ्या दिवशी तोयाच्या मानेच्या वळीत
पुरळ. लाल, मोहरीएवढं.

ठमाबाई गावठाणातून येतात, मालिशीला.
त्यांनी बरणीत बोट घातलं, चिमटीत चोळून पाह्यलं.
"ये भांडी घासाला ठेव, बाय.
पोरीची कातडी कवरीशी?
नुस्तं तेल दे. आनी आदी तुज्या हातावर लाव,
येक दिस थांब, मंग तिला."
पॅच टेस्ट, मी म्हणाले.
"काय ते आसंल."

ठमाबाईंच्या भातखाचरावर आता एक कंपनी आहे.
कुठली, ते त्या सांगत नाहीत.
मीही खोदून विचारत नाही.

काजळ मात्र केलं नाही.
एरंडेलाचा दिवा, वर पालथी तांब्याची वाटी,
सगळी कृती पाठ होती.
डोळ्यांत काही घालायचं नाही, डॉक्टर म्हणाल्या.
मग तव्यामागची काजळी
तळपायाला टेकवली, नजरेपुरती.
नजरेला कुठे कळतंय, डोळा कुठला नि पाय कुठला.

बाटली गुलाबपाण्याची, रिकामी.
उकळली, उन्हात पालथी घातली.
चिकटपट्टीवर लिहिलं : तोया / ०२.
घटक : नारळ.
तयार : काल रात्री.
वापरण्याची अंतिम तारीख :
इथे पेन थांबलं.
तेल टिकेल तीन महिने.
तोवर ही पालथी पडून पुढे सरकेल,
तेलकट अंगानं माझ्या हातातून सुळकन निसटेल,
आणि ठमाबाईंच्या पसरलेल्या पायांवर
मावणार नाही.
तारीख लिहिलीच नाही.

दोन दिवसांत ठमाबाईंच्या अंगठ्याखाली
शाई फरकटली.
तोयातला 'तो' गेला,
बाटलीवर नुसतं 'या' उरलं.

आज कामावर पहिला दिवस.
टेबलावर नवा सुगंध, नाव 'नवजात', प्रयत्न तिसरा.
कागदाची पट्टी नाकाशी धरली
तर आधी मनगटच आलं :
खोबरेल, कडेनं जरासं करपलेलं.
अ‍ॅप्रनखाली डावीकडे दूध उतरलं.
धनावडे पेन घेऊन उभे.
"मॅडम, काय लिहू?"
"दोन मिनिटं," मी म्हणाले, "हात धुऊन येते."
आणि बेसिनशी जाऊन
नळ न सोडता
उभी राहिले.